नव्या गाडीची डिलिव्हरी का लांबली? महासाथीच्या काळातील वेटिंगविषयी सोलापूरच्या ग्राहकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२० सालचा गुढीपाडवा २५ मार्चला होता आणि देशव्यापी टाळेबंदीही त्याच दिवशी सुरू झाली. पाडव्याच्या मुहूर्तावर दारात उभ्या राहायच्या गाड्या शोरूमच्या यार्डातच अडकल्या, आणि तिथून पुढे जवळजवळ तीन वर्षे ‘बुकिंग केले आहे, पण गाडी कधी मिळणार?’ हा प्रश्न सोलापुरातील अनेक घरांत विचारला गेला. प्रस्तुत लेखकाने ऑगस्ट २०२१ मध्ये दसऱ्यासाठी म्हणून बुक केलेली गाडी त्याला मार्च २०२२ च्या अखेरीस मिळाली. त्या सात महिन्यांत स्वतः विचारलेले आणि नंतर नातेवाईक, शेजारी व सहकारी यांनी विचारलेले प्रश्न येथे उत्तरांसह दिले आहेत. ज्या मॉडेलना आजही मोठे वेटिंग आहे, त्यांच्या ग्राहकांनाही यांतील बरीचशी उत्तरे लागू पडतील.

प्रश्न : टाळेबंदी उठून कारखाने सुरू झाले होते, तरी गाड्या का मिळत नव्हत्या?

टाळेबंदीमुळे झालेला खोळंबा आणि त्यानंतरचा खोळंबा हे दोन वेगळे प्रकार आहेत. पहिल्या खोळंब्यात कारखाने आणि शोरूम दोन्ही बंद होते. एप्रिल २०२० मध्ये मारुती सुझुकीने देशांतर्गत बाजारात एकही गाडी विकली नाही, यावरून त्याची कल्पना यावी. मात्र तो खोळंबा त्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत बराचसा सरला होता.

दुसऱ्या खोळंब्याचे मूळ त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात आहे. विक्री थांबल्यामुळे जगभरातील वाहन कंपन्यांनी सेमीकंडक्टर चिपच्या मागण्या कमी केल्या किंवा रद्द केल्या. त्याच सुमारास शाळा आणि कचेऱ्या घरात आल्याने लॅपटॉप, मोबाइल आणि वायफायच्या यंत्रांची मागणी वाढली आणि चिप बनवणाऱ्या कारखान्यांनी आपली रिकामी झालेली क्षमता त्या ग्राहकांना देऊन टाकली. पुढे बस आणि रेल्वेची गर्दी टाळू पाहणाऱ्या लोकांमुळे गाड्यांची मागणी अपेक्षेपेक्षा लवकर परतली, तेव्हा वाहन कंपन्यांना रांगेत पुन्हा मागे उभे राहावे लागले. सिलिकॉनच्या चकतीपासून तयार चिप हाती यायला तीन महिने आणि कधी त्याहून अधिक काळ लागतो. त्यामुळे आज मागणी नोंदवली आणि पुढच्या आठवड्यात माल आला, असे या धंद्यात घडत नाही.

त्यात एकामागून एक संकटे आली. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतील टेक्सासमध्ये हिमवादळामुळे वीज गेली आणि ऑस्टिन येथील चिपचे कारखाने बंद पडले. १९ मार्चला जपानमध्ये रेनेसास कंपनीच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. वाहनांसाठी लागणाऱ्या मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे नियंत्रक चिपच्या, प्रमुख उत्पादकांपैकी ही एक कंपनी आहे. २३ मार्चला ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकले आणि सहा दिवस वाहतूक थांबली. तैवानमध्ये त्याच वर्षी पन्नासहून अधिक वर्षांतील सर्वांत तीव्र अवर्षण होते आणि चिपच्या कारखान्यांना पाणी अफाट लागते. पावसाळ्याच्या सुमारास मलेशियात कोविडची लाट आली. तयार चिप कवचात बसवून तपासण्याचे काम तेथे मोठ्या प्रमाणावर चालते. त्या एका वर्षात जगभरात सुमारे ७७ लाख वाहने कमी बनतील, असा अंदाज ॲलिक्सपार्टनर्स या सल्लागार संस्थेने सप्टेंबर २०२१ मध्ये वर्तवला होता.

प्रश्न : एवढ्याशा चिपसाठी अख्खी गाडी अडते, हे खरे की शोरूमची सबब?

खरे आहे. सोलापूरच्या वाचकाला हे समजावून सांगायला फार लांब जावे लागत नाही. जकार्डच्या मागावर चादरीचे ताणे चढवलेले आहेत, कारागीर हजर आहे, वीज आहे, पण नक्षीतल्या एका रंगाचे सूत रंगाऱ्याकडून आलेले नाही. अशा वेळी माग उभाच राहतो, कारण तो रंग वगळून अर्धी चादर विकता येत नाही. गाडीचेही तसेच आहे. इंजिनाचे नियंत्रण, एबीएस (जोरात ब्रेक लावल्यावर चाके अडकू न देणारी व्यवस्था), एअरबॅग, पॉवर स्टिअरिंग, काचा, मीटर अशा प्रत्येक व्यवस्थेचा स्वतःचा नियंत्रक असतो आणि त्यातील आवश्यक अशा एकाची जरी चिप कमी पडली तरी गाडी पूर्ण होत नाही. आपल्याकडे एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे झाले, १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ ही प्रदूषणाची मानके लागू झाली आणि त्यानंतर पुढच्या दोन्ही आसनांसाठी एअरबॅग सक्तीच्या झाल्या. म्हणजे नेमक्या टंचाईच्या तोंडावर प्रत्येक गाडीतील इलेक्ट्रॉनिक्स वाढले होते.

यात आणखी एक गंमत आहे. वाहनांना लागणाऱ्या बहुतेक चिप मोबाइलमधल्यासारख्या अत्याधुनिक नसतात. त्या जुन्या तंत्राच्या, स्वस्त आणि कमी नफ्याच्या असतात. त्यामुळे त्यांच्यासाठी नवा कारखाना उभारायला कोणी उत्सुक नव्हते. काही रुपयांच्या भागासाठी दहा लाखांची गाडी थांबली, हे वाक्य शोरूममध्ये ऐकताना राग येत असे, पण ते खोटे नव्हते.

‘साठा का करून ठेवला नाही?’ असेही विचारले जाते. टोयोटाने २०११ च्या जपानमधील भूकंपानंतर महत्त्वाच्या चिपचा काही महिन्यांचा साठा ठेवण्याची पद्धत घातली होती आणि त्या जोरावर ती सुरुवातीला तगली. तरीही सप्टेंबर २०२१ साठी तिलाही जगभरातील उत्पादन नियोजित आकड्यापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी करावे लागले.

प्रश्न : चाकण तर आपल्यापासून तीनशे किलोमीटरच्या आत आहे. तेथे बनणारी गाडी सोलापूरला लवकर का मिळाली नाही?

कारखाना जवळ असण्याचा लाभ फार तर ट्रेलरच्या प्रवासाचे दोन दिवस वाचण्यापुरता असतो. रांग कारखान्याच्या दारात लागत नाही, ती कंपनीच्या वाटपाच्या यादीत लागते, आणि ते वाटप कोणत्या डीलरने किती गाड्या विकल्या, कोणत्या भागात किती बुकिंग प्रलंबित आहे आणि कोणत्या व्हेरिएंटचे सुटे भाग हाताशी आहेत यांवर ठरते. उलट असेही म्हणता येईल की गाडी चाकणला बनते, पण तिचे भाग जगभरातून येतात आणि काही तर सोलापुरातूनच जातात. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही सोलापूरची कंपनी देश-विदेशातील वाहन उत्पादकांना कॅमशाफ्ट पुरवते. इंजिनाचा तो भाग सोलापुरातून वेळेवर निघाला, तरी मलेशियातील चिप न आल्यामुळे गाडी सोलापुरात परतायला आठ महिने लागू शकत होते.

प्रश्न : दुसऱ्या लाटेत कारखाने ऑक्सिजनसाठी बंद ठेवले होते का?

होय. मारुती सुझुकीने जूनमध्ये ठरलेली देखभालीची सुट्टी अलीकडे आणून १ मे २०२१ पासून हरियाणातील कारखाने बंद ठेवले, जेणेकरून उद्योगाला लागणारा ऑक्सिजन रुग्णालयांकडे वळवता यावा. महाराष्ट्रात १४ एप्रिलच्या रात्रीपासून कडक निर्बंध होते. एप्रिल आणि मे महिन्यांत सोलापुरात लोक ऑक्सिजनच्या खाटा शोधत होते, तेव्हा गाडीच्या विलंबाबद्दल तक्रार करावी असे कोणाला वाटले असेल, असे लेखकाला वाटत नाही.

प्रश्न : एकाच दिवशी बुकिंग करूनही शेजाऱ्याला गाडी आधी कशी मिळाली?

वेटिंग गाडीच्या नावावर नसते. ते व्हेरिएंट, इंधन, गिअरबॉक्स आणि रंग यांच्या नेमक्या जोडणीवर असते. टॉप मॉडेलमध्ये टचस्क्रीन, कॅमेरा, सेन्सर आणि सनरूफ असे सर्व काही असल्याने त्याला चिप अधिक लागतात. त्यामुळे त्या काळात मधल्या व्हेरिएंटची मॅन्युअल गाडी तुलनेने लवकर मिळत असे. काही कंपन्यांनी मात्र नेमके उलटे केले आणि हाताशी असलेल्या थोड्या चिप जास्त नफ्याच्या महागड्या व्हेरिएंटना दिल्या. त्यामुळे याबाबत सरधोपट नियम सांगता येत नाही, आपल्या मॉडेलचेच विचारावे लागते.

याखेरीज दुसऱ्याने रद्द केलेल्या बुकिंगची गाडी असते. ती यार्डात उभी असते आणि त्या रंगाला तयार असणारा जो पहिला ग्राहक फोन उचलतो, त्याला ती मिळून जाते. शेजाऱ्याला आधी मिळालेल्या गाड्यांपैकी बऱ्याच अशा असाव्यात. काही ठिकाणी मात्र यादी डावलली गेली, जास्तीच्या ॲक्सेसरीज घेणाऱ्याला पुढे सरकवले गेले, हेही नाकारण्यात अर्थ नाही. लेखकालाही ‘सीट कव्हर आणि अंडरकोटिंगचे पॅकेज घेतले तर बघतो’ असे एका सेल्समनने सांगितले होते. कंपनीच्या संकेतस्थळावरून बुकिंग केल्यास किंवा शोरूमकडून कंपनीच्या प्रणालीतील बुकिंग क्रमांक मागून घेतल्यास निदान आपला दिनांक नोंदलेला राहतो. नुसत्या छापील पावतीवर तो क्रमांक नसेल, तर बुकिंग खरोखर कंपनीकडे गेले आहे की नाही, हे आधी विचारावे.

प्रश्न : मागणी इतकी कशी वाढली? लोकांकडे पैसे नव्हते ना?

ज्यांचे उत्पन्न बुडाले त्यांनी गाडी घेतली नाही. ज्यांचे पगार चालू राहिले आणि लग्नसमारंभ, प्रवास व सहली यांचा खर्च वाचला, त्यांनी घेतली. कर्जही स्वस्त होते. नव्या मॉडेलभोवतीची झुंबड वेगळीच होती : महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० चे बुकिंग ७ ऑक्टोबर २०२१ ला उघडले आणि पहिल्या २५,००० गाड्या ५७ मिनिटांत नोंदल्या गेल्या, जुलै २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनच्या बाबतीत एक लाखाचा आकडा अर्ध्या तासात गाठला गेला. यांतील प्रत्येक नोंद हा खरा ग्राहक नव्हता. परत मिळणारी रक्कम भरून दोन-तीन ठिकाणी नाव लावून ठेवणारे अनेक जण होते.

सोलापूर जिल्ह्यात दोन कारणे आणखी होती. राज्यातील मंदिरे ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेच्या दिवशी, पुन्हा उघडली आणि पंढरपूर, अक्कलकोट व तुळजापूर येथे भाविकांना नेणाऱ्या टुरिस्ट गाड्यांचा धंदा हलू लागला. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. बार्शी, करमाळा, सांगोला अशा तालुक्यांतून रोज ये-जा करणाऱ्यांना स्वतःच्या वाहनाखेरीज पर्याय उरला नाही, आणि नेमक्या त्याच काळात शोरूममध्ये दाखवण्यापुरत्याच गाड्या होत्या. मारुती सुझुकीचे सप्टेंबर २०२१ मधील हरियाणा व गुजरात येथील उत्पादन नेहमीच्या सुमारे ४० टक्क्यांवर राहील, असे कंपनीनेच जाहीर केले होते. जुलै ते सप्टेंबर या तिमाहीत सुट्या भागांच्या टंचाईमुळे सुमारे १,१६,००० गाड्या बनू शकल्या नाहीत आणि तिमाहीअखेर दोन लाखांहून अधिक ग्राहक प्रतीक्षेत होते.

प्रश्न : शोरूमने सांगितलेली तारीख त्याच्यावर बंधनकारक असते का?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. तोंडी सांगितलेली तारीख हा अंदाज असतो, आणि त्या काळात तो अंदाज बांधणाऱ्या सेल्समनला स्वतःलाही पुढच्या महिन्याचे वाटप ठाऊक नसे. बंधन येते ते कागदाने. बुकिंगच्या अर्जावर बहुधा ‘अंदाजे डिलिव्हरी’ असा रकाना असतो आणि तो रिकामा सोडला जातो. मागच्या बाजूला बारीक अक्षरांत उत्पादकाच्या पुरवठ्यावर तारीख अवलंबून राहील, डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू होईल, बुकिंग रद्द केल्यास अमुक रक्कम कापली जाईल, अशा अटी असतात. लेखकाने त्या अटी पहिल्यांदा वाचल्या त्या बुकिंगनंतर चार महिन्यांनी.

म्हणून रकाना भरून घ्यावा. सेल्समन टाळाटाळ करू लागला, तर त्याने फोनवर सांगितलेला कालावधी आपणच ईमेलने किंवा व्हॉट्सॲपने लिहून पाठवावा आणि ‘आपल्याशी झालेल्या बोलण्यानुसार’ असे नमूद करून उत्तर मागावे. पुढे तक्रार करायची वेळ आली, तर असा एक संदेश दहा फोनपेक्षा अधिक उपयोगी पडतो.

प्रश्न : वाट पाहण्याच्या काळात किंमत वाढली, तर वाढीव रक्कम कोणी भरायची?

बहुतेक अर्जांत डिलिव्हरीच्या किंवा बिलाच्या दिवशीची किंमत लागू होईल असे लिहिलेले असते, म्हणजे वाढ ग्राहकानेच भरायची. पोलाद आणि वाहतूक महागल्यामुळे २०२१ मध्ये किमती वरचेवर वाढल्या. मारुती सुझुकीने त्या एका वर्षात जानेवारी, एप्रिल आणि सप्टेंबर अशा तीन वेळा दर वाढवले. काही कंपन्यांनी ठरावीक तारखेपूर्वीच्या किंवा पहिल्या काही हजार बुकिंगना जुनी किंमत कायम ठेवली. तसे असेल तर ते कंपनीच्या लेखी घोषणेत शोधावे, सेल्समनच्या शब्दावर राहू नये.

किंमत वाढल्यावर कर किती वाढतो, याकडे अनेकांचे लक्ष जात नाही. त्या काळातील महाराष्ट्रातील दरानुसार पेट्रोल गाडीवर दहा लाखांपर्यंत ११ टक्के आणि दहा ते वीस लाखांपर्यंत १२ टक्के एकरकमी रस्ता कर होता. समजा, बुकिंगच्या दिवशी गाडीची एक्स-शोरूम किंमत ९,९०,००० रुपये होती आणि डिलिव्हरीच्या वेळी ती १०,१०,००० रुपये झाली. किंमत २०,००० रुपयांनी वाढली. रस्ता कर मात्र १,०८,९०० वरून १,२१,२०० रुपयांवर गेला. शिवाय दहा लाखांच्या वर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने बिलासोबतच गोळा करायचा आयकर, लागतो. तो आयकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण गाडी घेताना तो खिशातूनच द्यावा लागतो. थोडक्यात, वीस हजारांची वाढ म्हणून ऐकलेला आकडा हातात पडेपर्यंत चाळीस हजारांच्या वर गेलेला असे.

प्रश्न : कर्ज मंजूर झाले आहे, पण गाडीच नाही. मंजुरीचे काय होते?

मंजुरीपत्राला मुदत असते. ती संपली, तर उत्पन्नाची कागदपत्रे पुन्हा द्यावी लागतात आणि व्याजदर त्या दिवशीचा लागतो. रिझर्व्ह बँकेचा रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने कर्ज देते तो दर, मे २०२० पासून ४ टक्के होता. ४ मे २०२२ रोजी तो ४.४० टक्के झाला आणि फेब्रुवारी २०२३ पर्यंत ६.५० टक्क्यांवर पोचला. ज्यांनी २०२१ च्या अखेरीस बुकिंग केले आणि ज्यांना गाडी वर्षभराने मिळाली, त्यांना हा फरक थेट हप्त्यात दिसला. उदाहरणार्थ, आठ लाखांच्या पाच वर्षांच्या कर्जाचा हप्ता ७.५ टक्के दराने सुमारे १६,०३० रुपये येतो, तर ९ टक्के दराने सुमारे १६,६०७ रुपये. पाच वर्षांत हा फरक ३४,००० रुपयांच्या वर जातो.

वाटप झाल्याचे आणि चेसिस क्रमांक मिळाल्याचे कळेपर्यंत कर्जाची रक्कम डीलरकडे जमा करू देऊ नये. ‘पूर्ण रक्कम भरली की नंबर लवकर लागतो’ असे सांगून आधीच पैसे उचलले गेले आणि गाडी येण्यापूर्वी दोन हप्ते कापले गेले, असा प्रकार लेखकाच्या एका नातेवाइकाच्या बाबतीत घडला आहे.

प्रश्न : ‘एक फीचर कमी घ्या, गाडी लगेच देतो’ असे सांगितले तर काय करावे?

हे जगभर घडले. टोयोटाने ऑक्टोबर २०२२ मध्ये जपानमधील ग्राहकांना दोन स्मार्ट किल्ल्यांऐवजी एक स्मार्ट आणि एक साधी किल्ली देण्याचे जाहीर केले होते. दुसरी किल्ली किंवा वायरलेस चार्जर यांच्यावाचून काही बिघडत नाही. तो भाग पुढे बसवून मिळणार असेल, तर कोणत्या महिन्यापर्यंत आणि विनामूल्य की कसे, हे बिलासोबत लिहून घ्यावे. मिळणार नसेल, तर किंमत कमी करून मागावी. सुरक्षिततेशी संबंधित भागाबाबत मात्र तडजोड करू नये.

प्रश्न : विमा शोरूमचाच घ्यावा लागतो का?

नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा तृतीय पक्ष विमा सक्तीचा आहे, तो कोणत्याही मान्यताप्राप्त विमा कंपनीकडून घेता येतो.

प्रश्न : पुण्यात किंवा कलबुर्गीला गाडी लवकर मिळत असेल, तर तेथून घ्यावी का?

पुण्यातून घेण्यास काहीच अडचण नाही. राज्य एकच असल्याने कर तोच राहतो आणि पत्ता सोलापूरचा असेल तर एमएच-१३, किंवा अकलूजच्या कार्यालयाच्या हद्दीत असेल तर एमएच-४५ क्रमांकाने पासिंग करून घेता येते. मोठ्या शहरातील डीलरकडे वाटप अधिक येते हे खरे आहे, पण तेथील रांगही तेवढीच मोठी असते. कलबुर्गी, विजयपूर किंवा हैदराबाद येथून घेतल्यास तात्पुरत्या नोंदणीवर गाडी आणून कर महाराष्ट्रात भरावा लागतो. त्या डीलरला हे काम नेहमीचे नसेल, तर कागदपत्रांत वाचवलेला महिना पुन्हा जातो. वॉरंटी देशभर लागू असते, त्यामुळे पुढची सर्व्हिसिंग सोलापुरात करता येते.

प्रश्न : मुहूर्त साधावा की मिळेल त्या दिवशी गाडी घ्यावी?

साडेतीन मुहूर्तांपैकी एखादा गाठावा ही इच्छा स्वाभाविक आहे आणि लेखकाच्या घरातही ती होती. तथापि टंचाईच्या काळात वाटप झालेली गाडी ठरावीक दिवसांत उचलली नाही, तर ती यादीतील पुढच्या ग्राहकाला दिली जाई. यावर अनेक कुटुंबांनी सोपा तोडगा काढला : पैसे भरून पासिंग आणि विमा उरकून घ्यायचा आणि पूजेसाठी, किंवा सिद्धरामेश्वराच्या दर्शनाला गाडी नेण्यासाठी मुहूर्ताचा दिवस राखून ठेवायचा. लेखकाच्या आईने आधी याला नकार दिला होता. नंतर ‘पासिंग म्हणजे काही गृहप्रवेश नव्हे’ असे म्हणून तिने स्वतःच परवानगी दिली, आणि मार्चअखेर मिळालेली गाडी २ एप्रिलच्या पाडव्यापर्यंत आच्छादनाखाली उभी राहिली.

प्रश्न : वाट पाहून कंटाळा आला. बुकिंग रद्द केले तर पैसे परत मिळतात का? मिळाले नाहीत, तर कोठे जावे?

बुकिंगची रक्कम बहुधा परत मिळते. कपात होणार असेल तर ती अर्जातील अटीनुसारच व्हायला हवी. रद्द करण्याची विनंती लेखी द्यावी आणि तिची पोच घ्यावी. आधी डीलरच्या व्यवस्थापकाकडे, मग कंपनीच्या ग्राहक सेवा विभागाकडे आणि त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर जावे. बरीच प्रकरणे येथेच मिटतात, कारण डीलरला कंपनीकडे उत्तर द्यावे लागते.

तरीही न मिटल्यास जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्ये लागू झाला, आणि त्यानुसार तक्रारदार जेथे राहतो तेथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे पुण्यातील डीलरविरुद्धची तक्रारही सोलापुरात नोंदवता येते. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत तक्रार करावी लागते. ग्राहकाने मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही, आणि वकील लावण्याची सक्तीही नाही.

अपेक्षा मात्र वास्तवाला धरून ठेवावी. जगभर चिपची टंचाई होती, हे डीलर आणि कंपनी सहज दाखवू शकतात, त्यामुळे केवळ उशीर झाला एवढ्या मुद्द्यावर भरपाई मिळणे कठीण आहे. यादी डावलून दुसऱ्याला गाडी देणे, नको असलेल्या ॲक्सेसरीज गळ्यात मारणे, लेखी दिलेली किंमत पाळण्यास नकार देणे, रद्द केल्यावर पैसे अडकवून ठेवणे, हे मुद्दे वेगळे आहेत. त्यांचे पुरावे असतील तर तक्रारीला वजन येते.

प्रश्न : असे पुन्हा होऊ शकते का?

छोट्या प्रमाणावर ते झालेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये चीनने काही दुर्मिळ मृदा धातू आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध घातले, तेव्हा इलेक्ट्रिक गाड्यांच्या मोटारींचा प्रश्न उभा राहिला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नेक्सपेरिया या नेदरलँड्समधील कंपनीवरून चीन आणि नेदरलँड्स यांच्यात वाद झाला आणि अगदी साध्या, स्वस्त चिपसाठी काही वाहन कारखान्यांना काम थांबवावे लागले. भारताने डिसेंबर २०२१ मध्ये ७६,००० कोटी रुपयांची सेमीकंडक्टर योजना मंजूर केली. तिच्यातून गुजरातमधील धोलेरा येथे टाटांच्या चिप कारखान्याला फेब्रुवारी २०२४ मध्ये मान्यता मिळाली. असे कारखाने उभे राहून वाहनांसाठी तपासून घेतलेल्या चिप देऊ लागेपर्यंत वर्षे जातात.

प्रश्न : ‘गाडी आली आहे, या’ असा फोन आला. आता काय पाहावे?

इतके दिवस थांबल्यावर घाई होते आणि तीच नडते. पूर्ण रक्कम भरण्यापूर्वी आणि पासिंगपूर्वी यार्डात जाऊन दिवसाउजेडी गाडी पाहावी. गाडीवरील चेसिस क्रमांक बिलाशी आणि विक्री प्रमाणपत्राशी, म्हणजे नमुना २१ शी, अक्षर न् अक्षर जुळवावा. त्याच कागदावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असते; जानेवारीत मिळणारी गाडी डिसेंबरची असेल, तर विकताना ती एक वर्ष जुनी धरली जाते, म्हणून सूट मागावी किंवा पुढच्या गाडीसाठी थांबावे. टंचाईच्या काळात काही गाड्या एखाद्या भागाअभावी महिनोन्‌महिने उघड्यावर उभ्या होत्या, तेव्हा बॅटरी, टायरवरील उत्पादनाचा आठवडा, वायपरचे रबर आणि काचांच्या कडा बारकाईने बघाव्यात. मीटरवरचे किलोमीटर टिपून ठेवावेत. दोन्ही किल्ल्यांनी गाडी उघडून पाहावी, आणि एकच किल्ली असेल तर दुसरी कधी मिळणार हे तेथेच, सहीसकट, लिहून घ्यावे. लेखकाची दुसरी किल्ली पाच महिन्यांनी कुरिअरने आली.